विश्लेषण : जुनी व्हॅन मध्येच बंद का पडते? सायलेन्सरचा धूर नेमके काय सांगतो?

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. एप्रिल-मेच्या उन्हात उभी असलेली शाळेची व्हॅन तेव्हा पुन्हा रस्त्यावर येते आणि अनेकदा पहिल्याच आठवड्यात सिग्नलवर बंद पडते. मागून पांढरा, निळा किंवा काळा धूर निघतो. कोणी पेट्रोलमधल्या इथेनॉलला दोष देतो, कोणी ‘इंजिन गेले’ म्हणतो, कोणी नुसते प्लग बदलून गाडी पुढे काढतो. नागपूरसारख्या शहरात हा केवळ गाडीमालकाच्या खिशाचा प्रश्न नाही. मुलांची सुरक्षितता, शहराची हवा आणि जुन्या वाहनांबाबतचे बदलते नियम असे तिन्ही विषय त्याच्याशी जोडलेले आहेत. इंजिन बंद पडणे आणि धूर या दोन लक्षणांवरून बिघाड कसा ओळखायचा, नियम काय सांगतात आणि दुरुस्ती करायची की गाडी मोडीत काढायची, याविषयी…

हा प्रश्न आत्ताच का चर्चेत?

तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या आहेत. पहिली, गाड्यांचे वय. मारुतीची व्हॅन १९८४ च्या अखेरीस बाजारात आली, पुढे ती ऑम्नी या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०१९ मध्ये नव्या सुरक्षा निकषांमुळे तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ऑम्नी ही जुनीच गाडी आहे. शेवटची ऑम्नीही २०३४ मध्ये पंधरा वर्षांची होईल, त्यामुळे हा विषय लवकर संपणारा नाही.

दुसरी गोष्ट इंधनाची. देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, म्हणजे ई-२०, फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आले. २०३० साठी ठेवलेले मिश्रणाचे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी हे नागपूरचे खासदार आणि इथेनॉलचे खंदे पुरस्कर्ते. त्यामुळे या इंधनावरची चर्चा नागपुरात जरा जास्तच रंगते.

तिसरी गोष्ट नियमांची. जुन्या वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क वाढले आहे, पीयूसी नसल्यास होणारा दंड मोठा आहे आणि राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातील शहरांच्या यादीत नागपूर आहे. धूर सोडणारी गाडी चालवणे आता पूर्वीइतके स्वस्त राहिलेले नाही.

इंजिन बंद पडण्याची मूळ कारणे किती?

पेट्रोल इंजिनाला चालण्यासाठी चार गोष्टी लागतात. योग्य प्रमाणात इंधन, योग्य प्रमाणात हवा, नेमक्या क्षणी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. यातली एक जरी हुकली तरी इंजिन आचके देते किंवा बंद पडते. बिघाड शोधण्याचे सारे शास्त्र या चारपैकी नेमके काय हुकले, हे ठरवण्यात आहे.

म्हणून पहिला प्रश्न ‘काय बदलू?’ हा नसतो. ‘गाडी कधी बंद पडते?’ हा असतो. सकाळी थंड असताना, अर्धा तास चालून गरम झाल्यावर, सिग्नलवर पाय उचलल्यावर, की चढावर वजन असताना? एकाच गाडीतील एकाच तक्रारीची ही चार वेगवेगळी उत्तरे असतात आणि ती चार वेगवेगळ्या भागांकडे बोट दाखवतात.

थंड असताना बंद पडून गरम झाल्यावर नीट चालणाऱ्या गाडीत चोक, आयडलिंगची सेटिंग किंवा तापमान सांगणारा सेन्सर संशयित असतो. उलट, थंड असताना उत्तम चालून गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या आणि अर्धा तास थांबले की पुन्हा सुरू होणाऱ्या गाडीत इग्निशन कॉइल, इग्निशन मॉड्यूल किंवा क्रँक सेन्सर तपासावा लागतो. उष्णतेने आतील तारेचा किंवा सर्किटचा संपर्क तुटतो, थंड झाला की जुळतो. गॅरेजमध्ये गाडी पोहोचेपर्यंत ती थंड झालेली असते आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही, असा अनुभव यामुळेच येतो.

फक्त सिग्नलवर बंद पडणाऱ्या गाडीत आयडलिंगचा मार्ग कार्बनने चोंदलेला असू शकतो किंवा एखाद्या तडकलेल्या रबरी नळीतून जादा हवा आत शिरत असते. चढावर किंवा वेगात दम तोडणाऱ्या गाडीत पेट्रोल फिल्टर, पेट्रोल पंप किंवा चोंदलेला सायलेन्सर पाहावा. शेवटची शक्यता बहुतेक जण विसरतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळला वा तुटला की जळालेला वायू बाहेर पडायला वाट उरत नाही, इंजिन गुदमरते आणि बंद पडते.

धुराच्या रंगावरून काय कळते?

रंग हे निदानाचे सर्वात स्वस्त साधन आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही. मात्र रंगाबरोबर वेळ आणि वास यांचीही नोंद घ्यावी लागते.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. सकाळी सुरू करताना एकदाच निळा लोट येऊन थांबत असेल, किंवा उड्डाणपुलावरून उतरताना पाय उचलून पुन्हा रेस दिल्यावर येत असेल, तर व्हॉल्व्हचे ऑइल सील कडक झालेले असतात. रात्रभर ऑइल झिरपून सिलिंडरमध्ये साचते आणि सकाळी जळते. पण रेस देताच आणि चालताना सतत निळा धूर येत असेल, डिपस्टिकवरील पातळी दर आठवड्याला खाली जात असेल आणि चालू इंजिनवर ऑइलचे झाकण उघडल्यावर आतून फुंकर मारल्यासारखा वायू येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शक्यता मोठी. पहिली दुरुस्ती तुलनेने किरकोळ, दुसरी म्हणजे पूर्ण इंजिनकाम. रंग एकच असला तरी खर्चात मोठे अंतर आहे.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी. चोंदलेला एअर फिल्टर, अडकलेला चोक, कार्बोरेटरमधील फ्लोट बिघडल्याने वाहणारे पेट्रोल, गळका इंजेक्टर किंवा चुकीची माहिती देणारा ऑक्सिजन अथवा तापमान सेन्सर ही त्याची नेहमीची कारणे. सोबत पेट्रोलचा उग्र वास, काळे पडलेले प्लग आणि घटलेले अ‍ॅव्हरेज असते. तपासणी एअर फिल्टरपासून सुरू करावी, कारण ते काम पाच मिनिटांचे आहे.

पांढऱ्या धुराबाबत सर्वात जास्त गफलत होते. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा खाली गेला की सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते, काही थेंब पाणीही पडते. दोन-चार मिनिटांत ती थांबली तर तो बिघाड नाही. पेट्रोल जळताना पाणी तयार होतेच. पण गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि कुलंट वारंवार भरावे लागत असेल, तर हेड गॅस्केट उडाले आहे किंवा हेडला तडा गेला आहे असे समजावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, मलईसारखा थर दिसणे ही त्याची दुसरी खूण. अशा वेळी गाडी ‘गॅरेजपर्यंत तरी’ चालवत नेणे महागात पडते. पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगला वंगण देऊ शकत नाही आणि हेडचे काम संपूर्ण इंजिनावर जाते.

डिझेल व्हॅनमध्ये रंगांचे अर्थ थोडे बदलतात. तिथे पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो. ग्लो प्लग, इंजेक्शनचे टायमिंग किंवा कमी दाब हे कारण. काळा धूर इंजेक्टर, टर्बोच्या पाइपची गळती किंवा उघडाच राहिलेला ईजीआर व्हॉल्व्ह दाखवतो. निळा धूर आला तर रिंगांबरोबर टर्बोचे सीलही तपासावे.

दोन्ही लक्षणे एकत्र आली तर?

इथेच निदान सोपे होते, कारण दोन खुणा एकमेकींच्या शक्यता कापतात. गाडी बंद पडते आणि काळा धूर येतो, तर इंधन कमी पडत नाही हे नक्की. पेट्रोल पंप बदलण्यात अर्थ नाही. इंजिन जादा पेट्रोलने गुदमरते आहे. गाडी गरम होते, बंद पडते आणि पांढरा धूर सोडते, तर आधी कूलिंग यंत्रणा आणि हेड गॅस्केट. निळा धूर येतो आणि गाडी ‘मिसिंग’ करून बंद पडते, तर ऑइलने माखलेले प्लग ठिणगी देत नाहीत. नवे प्लग टाकल्यावर गाडी आठवडाभर नीट चालते, मग पुन्हा तेच. गाडी बंद पडते पण धूर अजिबात नाही, तर इंधनपुरवठा किंवा इग्निशन.

हेड गॅस्केट की रिंगा, हा वाद कॉम्प्रेशन चाचणीने मिटतो. प्रत्येक सिलिंडरचा प्लग काढून तिथे मीटर लावतात आणि दाब मोजतात. एका सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये आहे. इंजिन उघडण्यापूर्वी ही चाचणी करून तिचे आकडे कागदावर मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि हजारो रुपये वाचवण्याचा मार्गही.

ऑम्नीसारख्या व्हॅनमध्ये वेगळे काय?

ऑम्नीचे ७९६ सीसी, तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटखाली आहे. ईकोतही इंजिन सीटखालीच असते. या रचनेमुळे आत जागा भरपूर मिळते, पण तीन अडचणी येतात. बॉनेट उघडून सहज नजर टाकण्याची सोय नसल्याने ऑइल-पाणी पाहणे टाळले जाते. बंदिस्त जागेत उष्णता साचते. नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा रबरी नळ्या आणि वायरिंग लवकर कडक होतात. आणि एक्झॉस्टचा जोड गळका असेल तर तो वायू बसणाऱ्यांच्या अगदी जवळ सुटतो.

तीन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर मंदावला तर एक तृतीयांश ताकद जाते. चार सिलिंडरची गाडी अशा स्थितीत थरथरत का होईना, सिग्नलवर तग धरते. ऑम्नी बंद पडते.

सुरुवातीच्या ऑम्नीत कार्बोरेटर, नंतरच्या गाड्यांत एमपीएफआय म्हणजे इंजेक्शन यंत्रणा आहे. निदानाची रीत त्यामुळे बदलते. भारतात वाहनातील बिघाडाची नोंद ठेवणारी ओबीडी यंत्रणा २०१० पासून आली आणि तिचा दुसरा, अधिक सविस्तर टप्पा २०१३ मध्ये लागू झाला. त्यापूर्वीच्या गाडीवर ‘स्कॅनर लावून बघतो’ म्हणणाऱ्याला फारसे काही मिळण्याची शक्यता कमी. तिथे कान, नाक, प्लगचा रंग आणि कॉम्प्रेशन मीटर हेच कामाला येतात.

गॅस किट असेल तर?

शाळेच्या आणि मालवाहू व्हॅनमध्ये एलपीजी किंवा सीएनजी किट सर्रास दिसते. गॅसवर चालताना काळा धूर जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे मिश्रण बिघडले तरी डोळ्यांना कळत नाही आणि बिघाड लपून राहतो.

एलपीजी किटमध्ये द्रवरूप गॅसचे वायूत रूपांतर करणारा व्हेपोरायझर असतो. या प्रक्रियेत तो थंड पडतो, म्हणून त्याला इंजिनच्या गरम पाण्याची जोडणी दिलेली असते. कुलंट कमी झाले की व्हेपोरायझरला ऊब मिळत नाही, तो बाहेरून गारठतो, गॅसचा पुरवठा विस्कळीत होतो आणि गाडी बंद पडते. मालक गॅस किटवाल्याकडे जातो, प्रत्यक्षात बिघाड रेडिएटरच्या नळीत असतो. म्हणून गॅसवर बंद पडणारी गाडी एकदा पेट्रोलवर चालवून पाहावी. दोन्हींवर बंद पडली तर दोष इग्निशन, हवा किंवा दाबाचा. फक्त गॅसवर बंद पडली तर किटचा. फक्त पेट्रोलवर बंद पडली तर वर्षानुवर्षे न वापरलेल्या कार्बोरेटरचा किंवा पेट्रोल पंपाचा.

गॅसच्या मिश्रणाला पेटण्यासाठी अधिक जोरकस ठिणगी लागते, त्यामुळे जुने प्लग आणि वायर गॅसवर आधी दगा देतात. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी बंधनकारक आहे. घरगुती सिलिंडरमधून वाहनात गॅस भरणे हा तर गुन्हाच, आणि मुलांच्या व्हॅनमध्ये तो जिवाशी खेळ आहे.

यात इथेनॉलचा वाटा किती?

इथेनॉलवर सरसकट खापर फोडणे चूक आणि त्याचा काहीच परिणाम होत नाही म्हणणेही चूक. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते आणि जळण्यासाठी त्याला हवाही कमी लागते. शुद्ध पेट्रोलला एका भागासाठी साधारण १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५ भाग. इंजेक्शनच्या नव्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून जास्त इंधन सोडतो. कार्बोरेटरला ते जमत नाही. त्याचे जेट ठरलेल्या मापाचे. परिणामी मिश्रण पातळ होते, पिकअप घेताना गाडी अडखळते, आयडलिंगला बंद पडते.

इथेनॉल पाणी शोषून घेते. एप्रिलपासून अर्ध्या टाकीनिशी उभ्या असलेल्या गाडीत पावसाळ्याच्या तोंडावर दमट हवा शिरली आणि पाण्याचे प्रमाण वाढले, तर इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. पंप नेमका तळाचाच थर ओढतो. सुटीनंतर पहिल्या आठवड्यात बंद पडणाऱ्या व्हॅनमध्ये ही शक्यता तपासायलाच हवी. शिवाय जुन्या टाकीतील चिकट थर इथेनॉलमुळे सुटून फिल्टरमध्ये येतो आणि जुन्या रबरी नळ्या, डायफ्रॅम फुगतात वा तडकतात.

पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात, ई-१० साठी बनवलेल्या आणि ई-२० शी जुळवून घेतलेल्या मोटारींचे अ‍ॅव्हरेज १ ते २ टक्क्यांनी, इतर गाड्यांचे ३ ते ६ टक्क्यांनी घटू शकते, असे म्हटले होते. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, हेही त्यात मान्य केले होते. ई-२० ला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. म्हणजे हे इंधन राहणार, हे गृहीत धरूनच देखभाल करावी लागेल.

पण एक गोष्ट स्पष्ट आहे. पातळ मिश्रणाने गाडी बंद पडू शकते, काळा धूर येत नाही. निळ्या धुराचा इथेनॉलशी थेट संबंध नाही. तो ऑइलचा आहे. धूर सोडणाऱ्या गाडीचा मालक इथेनॉलला दोष देत असेल, तर तो खरा बिघाड पाहायचे टाळतो आहे.

पीयूसी आहे, मग इंजिन चांगले आहे असे मानायचे का?

नाही. पेट्रोल, सीएनजी, एलपीजी गाडीच्या पीयूसी चाचणीत प्रामुख्याने उभ्या गाडीच्या आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. बीएस-४ चारचाकीसाठी मर्यादा ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि २०० पीपीएम हायड्रोकार्बन अशी आहे. २००० नंतरच्या बीएस-२ व बीएस-३ गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम, तर त्याआधीच्या गाड्यांना ३ टक्के आणि १५०० पीपीएमपर्यंत सूट आहे. म्हणजे गाडी जितकी जुनी, तितकी मर्यादा सैल. सूक्ष्म धूलिकण आणि नायट्रोजन ऑक्साइड या चाचणीत मोजलेच जात नाहीत. डिझेल गाडीच्या धुराची गडदता तेवढी मोजली जाते.

चढावर, वजन घेऊन, रेस दिल्यावर येणारा निळा धूर आयडलिंगला दिसेलच असे नाही. त्यामुळे पीयूसी उत्तीर्ण झालेली गाडीही रस्त्यावर धूर सोडत जाते. मात्र चाचणीच्या पावतीवरील आकडे निदानासाठी उपयोगी आहेत. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर मिश्रण जाड आहे. कार्बन मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन जास्त असेल, तर मिसिंग, पातळ मिश्रण किंवा जळणारे ऑइल. पावती डॅशबोर्डमध्ये टाकून न देता मेकॅनिकला दाखवावी.

बीएस-४ व बीएस-६ गाड्यांचे प्रमाणपत्र वर्षभर, त्यापूर्वीच्या गाड्यांचे सहा महिने चालते. प्रदूषणाचे निकष मोडल्यास मोटार वाहन कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे.

शाळेच्या व्हॅनला कोणते नियम?

महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ मध्ये स्वतंत्र नियमावली आली. नागपुरात २०१२ मध्ये एका विद्यार्थ्याचा स्कूल बस अपघातात मृत्यू झाल्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली आणि शालेय वाहतुकीच्या सुरक्षेचा प्रश्न वर्षानुवर्षे हाताळला. तरीही छोट्या व्हॅनचा प्रश्न अर्धवट राहिला. राज्याने २०२५ मध्ये स्कूल व्हॅनसाठी वेगळे नियम आणि परवाना देण्याचे पाऊल उचलले. त्यात बीएस-६ वाहन आणि सुरक्षा उपकरणांवर भर आहे.

व्यावसायिक नोंदणी असलेल्या वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी नोंदणीच्या गाडीला मात्र पहिली पंधरा वर्षे अशी तपासणीच नाही. पांढऱ्या पाटीच्या व्हॅनमधून मुले नेली जातात, तेव्हा केवळ परवान्याचा नियम मोडत नाही. त्या गाडीचे ब्रेक, सायलेन्सर आणि गॅस किट कोणीही अधिकृतपणे पाहिलेले नसते, हा खरा धोका आहे. एमएच-३१ असो, एमएच-४९ असो की ग्रामीणची एमएच-४०, पाटीचा रंग आणि योग्यता प्रमाणपत्राची तारीख पालकांनी विचारायलाच हवी.

दुरुस्ती करावी की गाडी मोडीत काढावी?

दिल्ली परिसरातील १० वर्षे डिझेल आणि १५ वर्षे पेट्रोल ही वयोमर्यादा नागपूरला लागू नाही. खासगी गाडी पंधरा वर्षांनंतरही तपासणी करून दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करता येते. मात्र १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून पाच हजार रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १० हजार रुपये करण्यात आले. व्यावसायिक वाहनांचे योग्यता तपासणी शुल्कही वयानुसार चढते आहे.

हिशेब असा मांडता येईल. प्लग, फिल्टर, नळ्या, कॉइल, कार्बोरेटरची सफाई, व्हॉल्व्ह सील इथपर्यंतचा बिघाड असेल आणि पत्रा, चेसिस शाबूत असेल, तर दुरुस्ती शहाणपणाची. कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरमध्ये घसरले असेल, इंजिनकामाचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जात असेल आणि तळाचा पत्रा गंजला असेल, तर इंजिनावर केलेला खर्च वसूल होत नाही. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिल्यास मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या खासगी वाहनाच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. प्रत्यक्ष दर राज्य ठरवते.

अर्थात, व्हॅनवर घर चालवणाऱ्या चालकासाठी हे गणित कागदाइतके सोपे नाही. जुनी गाडी कर्जमुक्त असते, नवीच्या हप्त्याला उन्हाळ्याची सुटी नसते. मुलांमागे मिळणारे मासिक भाडे वाढवायचे तर पालक दुसरी व्हॅन शोधतात. मोडीत काढण्याचे धोरण करसवलतीवर थांबले, तर निळा धूर सोडणारी गाडी शहरातून जाण्याऐवजी खेड्यात विकली जाईल एवढेच.

चालकांनी आणि पालकांनी काय पाहावे?

चालकासाठी : सुटीत गाडी उभी करताना टाकी अर्धवट ठेवू नये, पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण गरम होईपर्यंत चालवावी. शाळा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी पेट्रोल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, कुलंट आणि रबरी नळ्या तपासाव्यात. सीट उचलून ऑइल-पाणी पाहण्याचा वार ठरवावा. गाडी बंद पडली की वेळ, इंजिनाचे तापमान, पेट्रोल की गॅस आणि धुराचा रंग मोबाइलमध्ये नोंदवावा. शक्य असल्यास धुराचा व्हिडिओ काढावा. मेकॅनिकला ‘कधी कधी बंद पडते’ या वाक्यापेक्षा त्या नोंदीचा उपयोग जास्त होतो. तापमानाचा काटा वर गेला तर गाडी तिथेच थांबवावी, आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

पालकांसाठी : सकाळच्या वाफेने घाबरू नये, पण गरम गाडीतून निळा, काळा वा दाट पांढरा धूर दिसला तर विचारावे. व्हॅनमधून उतरल्यावर मुलाचे डोके दुखते, मळमळते अशी तक्रार वारंवार असेल तर ती उन्हावर ढकलू नये. गळक्या एक्झॉस्टमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. बंद काचांच्या गाडीत तो सर्वात धोकादायक. अशी गाडी तपासून होईपर्यंत मुलांना तिच्यात बसवू नये.